काय आहे, किती आहे, कधीपर्यंत?

आमच्या साडूभाऊंना कुठेही, कधीही, पाठ टेकून निवांत बसलेलं पाहिलंय, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. (जिल्ह्याचं नाव बदललं, पण माझ्या जिभेवर अजून नगरच येतं, सांभाळून घ्या.) साडूभाऊ बसत नाहीत, ते टेकतात. खुर्चीच्या कडेला, सोफ्याच्या हातावर, कट्ट्याच्या कोपऱ्यावर. तेही एक पाय दाराकडे वळवून. आमच्याकडे आले की चपला काढता काढता बोलायला सुरुवात करतात, बोलता बोलता स्वयंपाकघरात जाऊन येतात, गॅलरीतून खाली डोकावतात, नळ गळतोय का बघतात, आणि आपण "बसा हो" म्हणेपर्यंत त्यांची निघायची वेळ झालेली असते. चहा निवण्याइतकाही धीर त्यांना नाही. बशीत ओतून, फुंकर मारत, उभ्यानं पितात. लग्नाच्या पंगतीत सगळे जिलबीवर तुटून पडलेले असताना हा माणूस मांडवाच्या मागं आचाऱ्याशी बोलत उभा असतो, उष्ट्या पत्रावळी कुठं जाणार आहेत, एवढं जाणून घ्यायला. मला स्वतःला बसण्याची मनापासून आवड आहे. नोकरीभर मी शाळेत मराठी शिकवलं तेसुद्धा शक्य तितकं बसूनच. त्यामुळे माझी बायको आणि तिची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, या एकाच आईबापांच्या पोटी बेलापुरात जन्मल्या आणि त्यांनी असे दोन नवरे केले, याचं सासरच्या मंडळींना अजून नवल वाटतं.

या माणसाची नोकरी मात्र थांबण्याची होती. स्वतः थांबण्याची नव्हे, दुसऱ्यांना थांबायला लावण्याची. किरणोत्सर्गी पदार्थांवर देखरेख ठेवणारं जे सरकारी खातं आहे, त्यात ते तपासनीस होते. दवाखान्यांत कॅन्सरच्या, थायरॉइडच्या उपचाराला असले पदार्थ लागतात, कारखान्यांत जोड तपासायला, टाकीतली पातळी मोजायला लागतात. वापरून झाल्यावर त्यांचं काय करायचं, हा खरा प्रश्न. ते घंटागाडीत टाकता येत नाहीत, पुरता येत नाहीत, नदीत तर नाहीच नाही. कोणता पदार्थ आहे हे आधी ओळखायचं, त्याचा जोर किती उरलाय ते मोजायचं, मग काहींना शिशाच्या डब्यात कुलूपबंद करून जोर ओसरेपर्यंत थांबायचं आणि काहींना सरकारनं नेमून दिलेल्या जागी पोचवायचं. हे सगळं लोक नीट करतात की नाही, ते बघत साडूभाऊ गावोगाव हिंडले. या सगळ्या शास्त्राचा त्यांनी तीन प्रश्नांत अर्क काढला होता. काय आहे? किती आहे? कधीपर्यंत आहे? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय जगातली कोणतीही वस्तू जागची हलवायची नाही, असा त्यांचा दंडक. "वाट पाहणं हासुद्धा एक इलाज आहे हो, लोकांना तो जमत नाही," असं ते मला नेहमी सांगत, आणि सांगताना आमच्या दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत.

त्यांच्या गोष्टी ऐकताना मात्र मीसुद्धा सावरून बसायचो. एका कारखान्यात पातळी मोजायचं जुनं यंत्र काढून टाकलं होतं आणि त्यातला किरणोत्सर्गी भाग डब्यासकट बेपत्ता होता. मॅनेजर शपथेवर सांगत होता की तो केव्हाच परत पाठवला. साडूभाऊ नेहमीप्रमाणे एका जागी न बसता आवारभर फिरत राहिले आणि शेवटी कँटीनच्या दारात थबकले. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिथं एक जड लोखंडी डबा लावून ठेवला होता. "हे काय आहे?" "दाराला लावायचा दगड आहे साहेब." "किती जड आहे?" "दोघांना उचलत नाही." "कधीपर्यंत इथं ठेवणार?" यावर कँटीनवाला म्हणाला, "दार आहे तोवर." डबा शाबूत होता म्हणून निभावलं. दुसऱ्या एका दवाखान्यात तर कचऱ्याच्या शिशाच्या पेटीवर उशी टाकून वॉर्डबॉय दुपारचा डबा खायचा. कारण काय, तर ती खोली कुलूपबंद असते आणि तिथं कुणी त्रास द्यायला येत नाही. साडूभाऊंनी दवाखान्याला नोटीस काढली आणि वॉर्डबॉयला आधी किरणांच्या मीटरनं मोजून घेतलं, मग त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली. उभ्यानंच.

निवृत्त होऊन ते सावेडीला राहायला आले आणि त्यांच्या हाताला तपासायला घरचा कचरा आणि आठवड्यातून एकदा नागापूरचा एक कारखाना, एवढंच उरलं. अक्कांच्या संसाराची त्यांनी जी तपासणी सुरू केली ती आजतागायत चालू आहे. संपलेल्या गोळ्या वेगळ्या, फुटकी काच वेगळी, बॅटरीचे सेल वेगळे, आणि प्रत्येक पिशवीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. फ्रिजमधल्या आमटीलासुद्धा चिठ्ठी. अक्का एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "अगं, परवा मी जरा वेळ एका जागी पडून राहिले तर मलाच चिठ्ठी लावतील की काय असं वाटलं." घंटागाडीवर येणारी बाई गल्लीतल्या साऱ्या बादल्या भराभर उपडी करत यायची आणि यांच्या फाटकाशी येऊन थांबायची. "आवं साहेब," ती म्हणायची, "लोकांचा कचरा आमी टाकतो, तुमचा वाचून टाकावा लागतोय!" साडूभाऊंना यात चेष्टा दिसायची नाही. ते गंभीरपणे विचारायचे, "अक्षर लागतंय ना?"

हे तीन प्रश्न ते कुठंही काढायचे. शेवगावला माझ्या पुतणीसाठी स्थळ बघायला गेलो होतो, आणि मी त्यांना बरोबर नेण्याची चूक केली. पोहे झाले, मुलाचे वडील मुलाच्या नोकरीचं कौतुक करू लागले. साडूभाऊ खिडकीशी उभे. "काय आहे नोकरी?" सांगितलं. "किती आहे पगार?" हेही जरा कुरकुरत सांगितलं. "आणि कधीपर्यंत आहे?" मुलाचे वडील पोह्यांच्या बश्या गोळा करू लागले. नोकरी कंत्राटावरची होती आणि कंत्राट दिवाळीला संपत होतं, हे त्या घरात मुलाच्या आईलाही ठाऊक नव्हतं. ते स्थळ राहिलं, आणि मुलाचे वडील शेवगावच्या बाजारात आजही मला पाहून रस्ता ओलांडतात. परतीच्या वाटेवर मी चिडून म्हणालो, "माणसाला काय भंगार समजता काय?" ते म्हणाले, "भंगाराला तरी लोक खरं सांगायला लावतात. माणसाला कुणी विचारतच नाही."

पण ज्या कारणानं मी या माणसाचा सगळा जाच सहन केला ते कारण वेगळं आहे. आमच्या इमारतीतल्या एक बाई थायरॉइडचा उपचार घेऊन आल्या. असल्या उपचारात किरणोत्सर्गी औषध पोटात देतात आणि काही दिवस जरा अंतर राखायला सांगतात. झालं, इमारतीत कुजबुज सुरू. कुणी त्यांच्या मजल्यावरून जाईना, दूधवाला पिशवी जिन्यातच टाकून पळू लागला. साडूभाऊंना हे कळलं तसे ते सावेडीहून रोज येऊ लागले. त्या बाईंच्या दारापासून नियमाइतक्या अंतरावर उभं राहायचं आणि मोठ्यानं गप्पा मारायच्या, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा. शेवटी सोसायटीच्या सभेत ते म्हणाले, "या बाईंनी सांगितलंय काय आहे, किती आहे, कधीपर्यंत आहे. जाहीर केलेल्या सोर्सला घाबरायचं नसतं. घाबरायचं ते लपवलेल्याला." सोर्स म्हणजे ज्यातून किरण निघतात ती वस्तू. पुढे त्या बाई बऱ्या झाल्या आणि त्यांनी पुरणपोळीचं जेवण घातलं. तेही साडूभाऊ पूर्ण बसून जेवले नाहीत, पण त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या अस्वस्थपणात एक नवी भर पडली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. साडूभाऊ पूर्वी दोन दोन पायऱ्या गाळत यायचे, ते आता जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून काहीतरी तपासू लागले. पहिल्या वळणावर विजेचे मीटर, दुसऱ्यावर आग विझवायची लाल बादली. बादलीत वाळू आहे का, ती कोरडी आहे का, हे हातानं चाळून बघायचे. मला वाटलं, म्हातारपणी खोडी वाढतात. अक्कांना तसं वाटलं नाही. "अहो, यांना धाप लागते," त्या मला एकीकडे घेऊन म्हणाल्या. "परवा फाटक उघडताना छातीवर हात दाबून उभे होते. विचारलं तर म्हणतात, शर्टाचं बटण बघत होतो. डॉक्टरचं नाव काढलं की घराबाहेर पडतात. तुम्ही तरी सांगा. माझ्या वडिलांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे." ठाऊक होतं. अक्कांचे वडील बेलापूरच्या बाजारात भाजीची पिशवी हातात धरूनच गेले होते, आणि त्याआधी महिनाभर छातीतली कळ त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. मी साडूभाऊंना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "माझी पातळी नेहमीचीच आहे," आणि आमच्या गॅलरीतल्या कुंड्या मोजू लागले. मग अक्कांनी त्यांची स्कूटर बंद केली, किल्ली डाळीच्या डब्यात लपवली, आणि त्यांना कुठं जायचं असेल तर माझ्या गाडीतून न्यायचं असं फर्मान काढलं. एवढं होऊनही ते एकदा जुन्या सहकाऱ्याला भेटायचं निमित्त करून पुण्याला जाऊन आलेच, एकटे, एसटीनं. आल्यावर दोन-तीन दिवस जरा गप्प होते. अक्का म्हणाल्या, उन्हाचा त्रास झाला असेल.

त्यानंतर लगेचच नागापूरची पाळी आली. तिथल्या एमआयडीसीत एक छोटी फाउंड्री आहे. भंगार वितळवून त्याचे सुटे भाग ओततात आणि ते परदेशी जातात. भंगारात चुकून कुठला किरणोत्सर्गी तुकडा आला आणि भट्टीत गेला, तर सगळा माल नासतो आणि माणसं तर त्याआधी. म्हणून मालकानं गेटवर दोन उंच पिवळे खांब बसवलेत, मधून गाडी जाताना काही सापडलं तर भोंगा वाजतो. देखरेखीला आठवड्यातून एकदा साडूभाऊ. मालक पस्तिशीतला, मेहनती मुलगा, यांना "सर" म्हणतो आणि यांच्या तीन प्रश्नांना बँकेच्या साहेबापेक्षा जास्त भितो. मी गाडी गेटबाहेरच्या कडुनिंबाच्या सावलीत लावली, सीट मागं पाडली आणि पेपर उघडला. साडूभाऊ गेटवर गेले. शेवगावकडून भंगाराचा ट्रक आला होता. त्यांची जुनी सवय अशी की ट्रक खांबांतून जाताना ते त्याच्या बरोबरीनं चालायचे, हातातलं मीटर तान्ह्या मुलासारखं छातीशी धरून. ट्रक आत शिरला आणि भोंगा वाजला.

साडूभाऊंच्या अंगात जे काही संचारलं ते मी लांबूनही बघू शकत होतो. ट्रक मागं घ्यायला लावला, पुन्हा बरोबरीनं चालत आत आणला. पुन्हा भोंगा. "काय आहे यात?" त्यांनी ड्रायव्हरला दरडावलं. "साहेब, जुन्या मोटारी हायेत, पाइप हायेत आन् थोडं पत्रं. म्या सोता भरलंय." "किती आहे?" "काट्यावर बघा की." "कधीपासून पडून होतं?" "आता ते भंगाराला कोन इचारतं, साहेब?" झालं, सगळा ट्रक कोपऱ्यात रिकामा करायला लावला. एकेका ढिगाजवळ मीटर छातीशी धरून हे उभे राहिले आणि प्रत्येक ढिगाजवळ काटा वर. मग मोकळ्या जागेत मोजलं, तिथंही वर. वजनकाट्याजवळ वर. चहाच्या टपरीजवळ वर. धावतपळत ते माझ्याकडे आले आणि ओरडले, "आधी बाहेर पडा! काटा वर आहे, तुमच्या गाडीजवळसुद्धा!" मी पेपर, चष्मा आणि एक चप्पल गाडीत टाकून बाहेर आलो. इतक्या वर्षांच्या बसण्याची शिक्षा अशी मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

आता सगळं आवार बाधित झालंय, भट्टी बंद करा, माणसांना बाहेर काढा, मी खात्याला फोन लावतो, असं त्यांनी जाहीर केलं. मालकाचा चेहरा पार उतरला. भट्टी तापलेली, माल याच आठवड्यात जहाजावर चढायचा, आणि दारात उभी असलेली सगळी माणसं त्याच्या तोंडाकडे बघतायत. "सर, एकदा परत बघा," तो म्हणाला. "हे बंद पडलं तर मी परत उभा राहत नाही." साडूभाऊंना त्याचं वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण ते म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. लपलेला सोर्स सापडेपर्यंत इथलं पानही हलायचं नाही." कपाटात एक दुसरं यंत्र होतं. साधं मीटर नुसतं किती ते सांगतं, हे यंत्र काय ते सांगतं, पदार्थाचं नाव काढतं. ते घेऊन साडूभाऊ निघाले, पण ते नाव काढायला यंत्र काही वेळ एका जागी धरावं लागतं आणि हे तर चालतच होते. दोनदा यंत्रानं मध्येच नाद सोडला. शेवटी मालक हात जोडून म्हणाला, "सर, थोडा वेळ नुसते उभे राहा ना." आणि साडूभाऊ उभे राहिले. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, हालचाल न करता. मी त्यांना असं प्रथमच बघत होतो, म्हणून माझं लक्ष यंत्राकडे नव्हतंच, त्यांच्या चेहऱ्याकडे होतं. यंत्रावर नाव आलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची सगळी लगबग ओसरून गेली.

त्यांनी यंत्र आणि मीटर मालकाच्या हातात दिलं आणि ते एकटेच चालत थेट कुंपणाच्या भिंतीपर्यंत गेले. तिथून त्यांनी हाक मारली, "आता बघा, काय येतं!" काटा खाली. ढिगाजवळ खाली, टपरीजवळ खाली, माझ्या गाडीजवळही खाली. रिकामा ट्रक खांबांतून गेला, मग भरून पुन्हा गेला, भोंगा गप्प. ड्रायव्हर म्हणाला, "बगा, साहेब लांब गेलं आन् यंत्र गप झालं. साहेबांनाच भ्यालं हुतं ते!" सगळे हसले. मलाही वाटलं, यंत्रातच काही बिघाड असेल, आणि साडूभाऊंनीही तेवढंच म्हणून विषय मिटवला असता तर कुणी काही विचारलं नसतं. पण ते तिथूनच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मालात काही नाही. भट्टी चालू करा. सोर्स मी आहे."

परतताना ते मागच्या सीटवर माझ्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात बसले. "तुम्हाला यानं काही होणार नाही, पण अंतर ते अंतर," म्हणाले. मग हळूहळू सगळं सांगितलं. पुण्याला सहकारी वगैरे कुणी नव्हता. हृदयाची तपासणी होती, त्यात दंडातून किरणोत्सर्गी औषध देतात आणि फोटो काढतात. नेहमी जे देतात त्याचा जोर दिवसाभरात ओसरतो, हे त्यांना पाठ होतं, म्हणून ते चार दिवसांनी बिनधास्त फाउंड्रीत आले. त्या दिवशी नेहमीचं औषध आलेलं नव्हतं, म्हणून दुसरं दिलं होतं, थॅलियम नावाचं. ते काही आठवडे अंगात रेंगाळतं. आणि थॅलियम कधी भंगारात येत नाही, ते फक्त आजारी माणसात येतं. "पण तुम्ही विचारलं नाहीत, काय आहे म्हणून?" मी गाडी चालवता चालवता मागं वळून म्हणालो. "जन्मभर दुसऱ्यांना विचारत आलात!" त्यांनी खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली. "नाही विचारलं," ते म्हणाले. "त्या टेबलावर पडलो आणि भीती वाटली हो. डोळे मिटून घेतले." मग म्हणाले, "आता हिला सांगायला हवं. तुम्ही आत या. मला एकट्याला जमायचं नाही."

अक्का पुढच्या खोलीत मेथी निवडत होत्या. साडूभाऊ दाराशीच उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, पुण्यापासून नागापूरपर्यंत सगळं. अक्कांनी हातातली जुडी खाली ठेवली. त्या चिडतील, रडतील, निदान मला तरी बोलतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पदराला हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "काय आहे?" "दोन नळ्या अडल्यात. हृदयाच्या." "किती?" "बऱ्याच. ऑपरेशन करा म्हणतात." अक्कांनी जुडी पुन्हा हातात घेतली. "आणि कधीपर्यंत?" त्या म्हणाल्या. हा प्रश्न साडूभाऊंनी सगळ्या जगाला विचारला होता. ते दाराची कडी उघड-बंद करत राहिले. तेव्हा अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या बोलल्या ते भलतंच. "पुण्याला एसटीनं गेलात. उपाशी गेला असाल. सांगितलं असतं तर डबा तरी दिला असता मी." मला तिथं बसवेना, पहिल्यांदाच. मी उठून उगीच पाण्याचा तांब्या भरून आणला.

ऑपरेशन पुण्याला झालं, नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, घरी जा आणि थांबा, बाकी काळ करील. साडूभाऊंचाच इलाज त्यांना लागू केला. मी भेटायला गेलो तेव्हा ते व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. टेकलेले नव्हे, बसलेले. पाठ मागं, दोन्ही पाय चौरंगावर, छातीशी उशी. इतकी वर्षं मी या माणसानं पाच मिनिटं स्वस्थ बसावं म्हणून कावलो होतो. आता तो बसला होता, आणि मला ते बघवेना. मी काय काय बोललो, फाउंड्रीचा माल वेळेवर गेला, मालकानं पेढे पाठवलेत, घंटागाडीवाली रोज चौकशी करते. ते "हो का" म्हणत होते. चहा आला तो त्यांनी कपानंच प्यायला, निवेपर्यंत थांबून. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागलो. फाटकाशी गेलो, परत आलो, नळ गळतोय का पाहिलं. शेवटी काही सुचेना तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकला. कांद्याच्या सालीत टप्पकन आवाज झाला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पाहिलं होतं. "राहू द्या," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

अक्का दारात उभ्या होत्या, त्यांनीही ते ऐकलं. मी चपला घातल्या, फाटकाची कडी काढली. तेवढ्यात मागून आवाज आला, पूर्वीच्या निम्म्यावर आलेला, पण चिडका. "अहो, काढा तो आधी! ओल्यात टाकतात का?" मी जवळजवळ धावतच मागं आलो. बाही वर करून हात बादलीत घातला आणि मेथीच्या काड्या, कांद्याची सालं, चहाचा चोथा यांत चाचपू लागलो. अक्का तोंडाला पदर लावून आत गेल्या. "काय आहे?" साडूभाऊंनी खुर्चीतून विचारलं. "पेन्सिल सेल." "किती?" "एकच." मी हात बादलीत तसाच ठेवून तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत राहिलो. ते फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बरं. धुऊन ठेवा वेगळा. आणि बसा जरा." मी सेल धुतला, हात धुतले, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीच्या कडेला टेकलो.